माफीपत्राचा फॉरमॅट

पिंपळे गुरवमध्ये परीक्षा जवळ आल्या की आधी डासांना कळतं. फेब्रुवारी उजाडला की नदीवर जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरते, आणि संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घेतल्या तरी घरात डासांचंच राज्य असतं. माझा दहावीचा सगळा अभ्यास कॉइलच्या धुरात झाला. आता मी ताथवड्यात सातव्या मजल्यावर राहते. इथं डास फारसे नाहीत, खिडकीतून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या इमारती आणि क्रेन दिसतात. तरीही या दिवसांत ऑफिसातून येताना झेरॉक्सच्या दुकानासमोर मुलामुलींची झुंबड दिसली, काचेवर ‘हमखास येणारे प्रश्न’ असा कागद चिकटवलेला दिसला, की नाकाला कॉइलचा वास यायला लागतो. आणि त्या वासाच्या मागोमाग राग येतो. शाळेच्या आठवणींनी लोकांचे डोळे म्हणे भरून येतात. माझं डोकं फिरतं.

आमची शाळा मराठी माध्यमाची होती. नववी-दहावीच्या तीन तुकड्यांमधून तीस मुलं निवडून त्यांचा एक वेगळा वर्ग सकाळी सात ते आठ भरायचा. त्याचं नाव ‘अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश’. वर्गखोली मिळायची नाही म्हणून आम्ही प्रयोगशाळेत बसायचो, उंच स्टुलांवर पाय लोंबकळत. ओट्याला कसल्यातरी आम्लाचे डाग पडलेले असायचे आणि मागच्या कपाटात बरणीतला साप आमच्याकडे बघत असायचा. निवड झालेल्या प्रत्येकाला इंग्रजीच्या सरांनी एक निळी फाइल दिली होती. ती आम्ही दप्तरात घालायचो नाही. हातात धरून, छातीशी लावून, ‘क’ तुकडीच्या दारावरून मुद्दाम सावकाश चालत जायचो. काय तो तोरा! आज आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

सर वाईट शिकवायचे असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? त्यांचा आवाज सुंदर होता. ते कविता वाचायला लागले की खालच्या मैदानावर कवायत करणारी मुलंही वर बघायची. डोंगरातून बोगदा खणणाऱ्या मजुरांवरची एक कविता आम्हाला होती. ती त्यांनी अशी वाचली की मला कुदळींचा आवाज ऐकू आला, खरंच ऐकू आला. पण वाचून झालं की सर पुस्तक मिटायचे, खडू उचलायचे आणि म्हणायचे, ‘‘चला, आता रसग्रहण.’’ मग फळ्यावर चौकट. पहिला मुद्दा शीर्षक, दुसरा यमक, तिसरा अलंकार, चौथा मध्यवर्ती कल्पना. मध्यवर्ती कल्पना काय, तर श्रमाची प्रतिष्ठा. आणि सगळ्यात शेवटी ‘माझं मत’. हे माझं मतसुद्धा सरांनीच फळ्यावर लिहून दिलं. मला ही कविता का आवडली, हे आम्ही तिसांनी एकाच शब्दांत, एकाच वेळी, मान खाली घालून उतरवून घेतलं.

मी एकदा हात वर केला होता. ‘‘सर, बोगदा अंगावर पडला तर ती माणसं काय करत असतील?’’

‘‘ते पेपरात विचारत नाहीत,’’ सर म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले. आपला प्रश्न बावळट होता हे आपल्याला कळलंय, असं दाखवायला सगळ्यात जास्त मीच हसले.

त्यानंतर मी शहाणी झाले. व्याकरणात तर माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एक वाक्य द्या, मी त्याची दहा रूपं करून द्यायचे. वाक्यात कोण काय करतंय, कुणाचं काय जळतंय, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. पत्रलेखनात पाचपैकी पाच. निळ्या फाइलमध्ये पत्रांचे सतरा नमुने होते. चौकशीचं, तक्रारीचं, अभिनंदनाचं, विनंतीचं आणि माफीचं. माफीचं पत्र सरांच्या विशेष आवडीचं. ते म्हणायचे, ‘‘इंग्रजीचं सौंदर्य नम्रतेत आहे.’’ पहिल्या परिच्छेदात खेद, दुसऱ्यात चुकीची जबाबदारी, तिसऱ्यात पुन्हा असं होणार नाही याची हमी. कारणं द्यायची नाहीत. कारणं दिली की माफीतला जीव जातो. हे मला इतकं पाठ होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तीन परिच्छेदांची माफी मागितली असती, कुणाचीही, कशाचीही.

माझे वडील तेव्हा चाकणच्या एका कंपनीत प्रेस ऑपरेटर होते. प्रेस म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढणारं यंत्र. वर-खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात, आणि मध्ये पत्रा सरकवायचा. पप्पा लातूरकडचे. गावाकडून आले ते थेट प्रेससमोर उभे राहिले आणि चौदा वर्षं तिथून हलले नाहीत. घरात ते मोठ्यानं बोलायचे, कारण दिवसभर त्या धडाक्यात स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही. त्यांच्या शर्टाला तेलाचा एक वास होता, तो कितीही धुतला तरी जायचा नाही. आई वैतागायची. मला मात्र तो वास आला की घर भरल्यासारखं वाटायचं. आणि हीच मी सकाळी प्रयोगशाळेत बसून श्रमाची प्रतिष्ठा चार ओळींत लिहायचे आणि एकदाही मला पप्पा आठवायचे नाहीत.

दहावीचा तो फेब्रुवारी. एका शनिवारी दुपारी पप्पा पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसने आले, चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. ‘‘बघ बरं माय, काय म्हणायलेत.’’

कारणे दाखवा नोटीस होती. इंग्रजीत. पप्पांच्या हातून प्रेस चालवताना डाय फुटली, कंपनीचं नुकसान झालं, सोमवारपर्यंत लेखी उत्तर द्यावं. मी मराठीत सांगत गेले तसे ते मान हलवत गेले. मग त्यांनी सांगितलं. गुरुवारपासून प्रेसमधून वेगळाच आवाज यायला लागला होता. चौदा वर्षं तो आवाज ऐकलेल्या माणसाला फरक कळणार नाही तर कुणाला कळणार? त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, एकदा नाही, दोनदा. तो म्हणाला, माल गेला पाहिजे, चालव. शुक्रवारी डाय फुटली, आणि नोटीस सुपरवायझरला नाही, पप्पांना आली.

‘‘तू लिही उत्तर,’’ ते म्हणाले. आई म्हणाली, कुणा जाणत्याला विचारा. पप्पा हसले. ‘‘घरात ॲडव्हान्स बसलीय की. आणखी कोण जाणता पाहिजे?’’

ही सुपरवायझर नावाची जात, ती नोटीस, तो सोमवार, सगळ्यांवर मी पुढं खूप आगपाखड केली. पण त्या शनिवारी मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. पहिल्यांदाच माझी इंग्रजी खऱ्या कागदावर जाणार होती. मी निळी फाइल उघडली, बारावं पान काढलं आणि तीन परिच्छेद लिहिले. तरी त्यात थोडी अक्कल शिल्लक होती म्हणायची, कारण दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी मी एक वाक्य घातलं होतं. ‘गुरुवारपासून यंत्राचा आवाज बदलला होता आणि मी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं.’ एवढं एकच. फॉरमॅटमध्ये ते बसत नव्हतं, पण पप्पांनी सांगितलंय म्हणून घातलं.

सोमवारी सकाळी मी ते पत्र सरांना दाखवलं. पप्पांची दुसरी शिफ्ट होती, दुपारी बस होती, वेळ होता. सरांनी लाल पेन काढला. दोन स्वल्पविराम घातले. एका ठिकाणी ‘खूप’ होतं तिथं ‘अत्यंत’ केलं. आणि ते एकच वाक्य आडव्या रेघेनं खोडलं.

‘‘हे काय? ही तक्रार झाली. माफीच्या पत्रात दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं. सूर बिघडतो.’’

मी म्हणाले, ‘‘सर, पण तसं झालंय.’’

‘‘असेल गं. पण पत्र म्हणून बघ. आता किती सुंदर झालंय!’’

आजही मी हे वाक्य आठवून दात-ओठ खाते. पत्र म्हणून बघ! समोर एका माणसाची चौदा वर्षं कागदावर आडवी पडलेली आणि हा गृहस्थ सूर बघतोय. नोटीस काय आहे, कुठल्या कंपनीची आहे, तुझ्या वडिलांनी खरंच डाय फोडली का, एक, एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. उलट ते पत्र त्यांनी वर्गात वाचून दाखवलं, त्याच सुंदर आवाजात. नाव गाळलं, पण कुणाचं आहे ते सगळ्यांना कळलं. मग म्हणाले, ‘‘आदर्श नमुना आहे, उतरवून घ्या.’’ बाकी सगळ्यांनी उतरवून घेतलं. एकोणतीस वह्यांमध्ये माझ्या बापाची माफी गेली, अत्यंत खेदासह. आणि मी? मी स्टुलावर ताठ बसले होते. माझे कान अभिमानानं तापले होते.

घरी येऊन चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात पत्र उतरवलं. पप्पा डबा भरून निघायच्या घाईत होते. ‘‘सगळं लिहिलंस ना?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘‘हो. सरांनी तपासलंय.’’ त्यांनी सही केली. मराठीत, जोडाक्षर जरा जपून काढत. कागदाची घडी घालायला त्यांचं मन झालं नाही म्हणून माझ्या फाइलमधलं एक प्लॅस्टिकचं पाकीट मागून घेतलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही, घडायलाही लागला नाही. कंपनीचं उत्तर आठवड्याभरात आलं. आपण चूक लेखी मान्य केली असल्यामुळे चौकशीची आवश्यकता उरत नाही, आपल्याला कामावरून कमी करण्यात येत आहे. तेही मीच वाचून दाखवलं. एका वाक्यात सगळं होतं आणि व्याकरणाची एकही चूक नव्हती.

पप्पा मला काही बोलले नाहीत. आई बोलली, पण माझ्यावर नाही, नशिबावर. ओळखीचे लोक येऊन बसायचे, म्हणायचे, पण लिहून कशाला दिलंत हो? पप्पा त्यांच्यापुढं चहा सरकवायचे आणि विषय बदलायचे. महिन्याभरानं ते एका सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसायला लागले. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी. त्या शर्टाला कसलाच वास नव्हता. मी परीक्षा दिली. इंग्रजीत शाळेत पहिली आले. सत्काराला सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी वाकून नमस्कार केला. हो, केला. त्यांना सांगायला हवं होतं की तुमच्या सुरानं आमच्या घरात काय केलंय. माझ्या तोंडून ‘थँक यू सर’ एवढंच निघालं.

मला कुणी विचारलं की तुला साहित्य शिकवलं का, तर मी काय सांगू? आम्हाला कविता वाचायला शिकवल्या आणि त्यातल्या माणसाकडे बघायचं नाही हे त्याहून नीट शिकवलं. माफी मागायला शिकवलं. ‘हे मी केलेलं नाही’ हे चार शब्द इंग्रजीत कसे लिहायचे, ते सतरा नमुन्यांत कुठंच नव्हतं. कामगारांच्या वस्तीतली शाळा! तीसपैकी वीस मुलांचे बाप भोसरी नाही तर चाकणला यंत्रापुढं उभे राहणारे. त्या मुलांना सगळ्यात आधी तेच शिकवायला नको होतं?

आता गंमत ऐका. त्याच इंग्रजीच्या जोरावर मला नोकरी लागली, चाकणमध्येच, एका कंपनीच्या एचआरमध्ये. म्हणजे नोटिसा काढणाऱ्यांच्या टेबलावर. दर एकदोन महिन्यांनी माझ्यापुढं अशी उत्तरं येतात आणि मला ती लांबूनच ओळखू येतात. रेघा मारलेला वहीचा कागद, गोल टपोरं अक्षर, समास सोडलेला. पहिल्या परिच्छेदात खेद, दुसऱ्यात जबाबदारी, तिसऱ्यात हमी. शाळा बदलल्या, सर बदलले, बारावं पान काही बदललं नाही.

गेल्या आठवड्यात असंच एक आलं. एका वेल्डरचं. फिक्स्चर वाकवलं असा ठपका होता. फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग करताना भाग पकडून ठेवणारी चौकट. माझ्या साहेबांनी पत्र वाचलं, ‘‘कबूल केलंय, संपलं,’’ म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली. मी तो कागद घेऊन खाली शॉपमध्ये, म्हणजे वेल्डिंग चालतं तिथं, गेले. वेल्डरला बाहेर बोलावलं. पन्नाशीचा माणूस, डोळे लालबुंद.

‘‘कुणी लिहिलं हे?’’

‘‘लेकीनं, मॅडम. नववीला आहे. काही चुकलं का?’’

‘‘फिक्स्चर तुम्ही वाकवलं?’’

‘‘नाही हो. ते आधीपासूनच वाकडं होतं. मी लाइनच्या साहेबांना दाखवलं पण होतं.’’

‘‘मग माफी कशाची मागितलीय यात?’’

तो गोंधळला. हातमोजे काढले, परत घातले. ‘‘कंपनीला लिहायचं म्हणजे तसंच लिहितात ना, मॅडम?’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर नाही. मी त्याच्या हातात कोरा कागद दिला आणि म्हणाले, कँटीनमध्ये बसा, जे झालं ते मराठीत लिहा, कुणाला विचारू नका. त्यानं पाऊण तास घेतला. सात ओळी. अक्षर वाकडंतिकडं, पण कोणत्या दिवशी, कुणाला, काय सांगितलं ते सगळं त्यात होतं. लेकीचा कागद मी त्याला परत दिला. वर साहेब भडकले. ‘‘तू नेमकी कुणाच्या बाजूची?’’ मी म्हणाले, ‘‘चौकशी करू या, सर.’’ चौकशी लागली आहे. काय होईल सांगता येत नाही. माझं काय होईल तेही सांगता येत नाही, आणि सध्या मला त्याची फिकीर नाही.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट टोचत होती. इतक्या वर्षांत मी पप्पांना ते खोडलेलं वाक्य कधी सांगितलं नव्हतं. ‘सगळं लिहिलंस ना’ला मी ‘हो’ म्हणाले होते. रविवारी पिंपळे गुरवला गेले. पप्पा गॅलरीत हरभऱ्याचा टहाळ घेऊन बसले होते, एकेक घाटा सोलून दाणे वाटीत टाकत होते. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. आवाजाचं मी लिहिलं होतं, सरांनी खोडलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ‘‘माहिती होतं की मला.’’

‘‘कसं?’’

‘‘बसमध्ये टूलरूमचा, डाय बनवतेत तिथला, एक पोरगा शेजारी बसायचा. आयटीआय झालेला. त्याला दिलं वाचायला. वाचून म्हणला, काका, हे देऊ नका, यात तुम्ही सगळं अंगावर घ्यायलाव. माझ्याकडं कागद हाय, उतरल्यावर दुसरं लिहू.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय! लई बोललो त्याला. म्हणलं, तू आयटीआयवाला, माझी लेक ॲडव्हान्सला हाय. तिच्या सरानं तपासलंय हे. तुला काय कळायलंय त्यातलं? सगळी बस ऐकायली होती.’’

आणि ते हसले. अजूनही, इतक्या वर्षांनी, त्या ‘माझी लेक’मध्ये तोच ताठा होता. मी आयुष्यात कधी पप्पांवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. खालच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली इतकी ओरडले. ‘‘त्याचं ऐकायचं होतं ना पप्पा! तो सांगत होता ना! दुसरं लिहून घ्यायचं होतं!’’

त्यांनी हातातला घाटा सोलला. मग वाटी माझ्यापुढं सरकवली.

‘‘कसं घेणार, माय? भरल्या बसमध्ये तू खोटी पडली असतीस.’’